ईबेवर हरलेल्या लिलावांची यादी पुन्हा पुन्हा अपुरी येते : कारणं आणि इलाज

ईबेवर आपण बोली लावली पण वस्तू दुसऱ्यानं नेली, असे लिलाव खेचून आणणारं साधन बरेच संग्राहक वापरतात. कुणी पायथनमध्ये स्वतः छोटी स्क्रिप्ट लिहितो, कुणी मित्राकडून मिळालेली चालवतो. तक्रार मात्र सगळ्यांची सारखीच असते. पहिल्यांदा चालवलं तेव्हा भरपूर नोंदी आल्या, दोन-तीन महिन्यांनी चालवलं तर जुन्या गायब, कधी तर यादीच कोरी. साधन काढून परत बसवलं, लॉगिन परत केलं, थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच.

हे पुन्हा पुन्हा होतं, कारण एकाच लक्षणामागे अनेक वेगळी कारणं आहेत आणि परत बसवल्यानं त्यातलं एखादंच तात्पुरतं दबतं. मुख्य कारण तर साधनात नाहीच. ते आपण साधनाकडून काय अपेक्षा करतो यात आहे.

त्याआधी या नोंदी एवढ्या मोलाच्या का, ते सांगतो, कारण काय साठवायचं हे त्यावरच ठरतं. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, गोळा करणाऱ्याचं उदाहरण घ्या. भारतातली ईबेची साइट १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली. तेव्हापासून आपल्याकडचे नाणेसंग्राहक अमेरिकेच्या किंवा ब्रिटनच्या साइटवर बोली लावतात. तिथं शेवटची किंमत ठरते ती सर्वात मोठ्या बोलीवर नाही, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर आणि तिच्या वरच्या एका टप्प्यावर. अमेरिकी साइटवर २५ ते ९९.९९ डॉलरच्या दरम्यान हा टप्पा १ डॉलरचा आहे, १०० च्या पुढे २४९.९९ पर्यंत अडीच डॉलरचा. तुमची कमाल बोली ४१ डॉलर होती आणि लिलाव ४२ ला सुटला, तर जिंकणाऱ्यानं ४२ लावले होते की ४००, हे कधीच कळत नाही. ती ४२ ची किंमत खरं तर तुमचीच मर्यादा एक टप्पा वर सरकवून दाखवते. उलट लिलाव ७० ला सुटला, तर तुमच्याखेरीज आणखी कुणीतरी ६९-७० च्या आसपास द्यायला तयार होता, म्हणजे बाजारभावाबद्दल खरी माहिती मिळाली. म्हणून हरलेल्या लिलावाची नोंद तुमच्या स्वतःच्या कमाल बोलीसकट जपली तरच तिचा अर्थ लागतो. नुसती शेवटची किंमत साठवणारं साधन अर्धंच काम करतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोष शोधू. पहिलं काम म्हणजे ‘रिकामं’ या शब्दाची फोड करणं. उत्तर आलंच नाही, उत्तर आलं पण त्यात यादी नव्हती, आणि यादी आली पण अपुरी होती, हे तीन निराळे आजार आहेत. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून सर्व्हरकडून आलेलं मूळ उत्तर जसंच्या तसं एका फाइलमध्ये लिहायची सोय आधी करून घ्या, बाकी सगळं नंतर.

हे इतकं ठासून सांगायचं कारण असं. हरलेले लिलाव देणारी विनंती, म्हणजे ईबेच्या ट्रेडिंग एपीआयमधली (एपीआय म्हणजे प्रोग्रॅमनं ईबेकडून माहिती मागायचं अधिकृत दार) ‘गेट माय ईबे बाइंग’, चुकलेल्या विनंतीलाही एचटीटीपीच्या पातळीवर २०० हाच कोड देते. म्हणजे ब्राउझरच्या भाषेत सगळं ठीक. खरी चूक आतल्या एक्सएमएल मजकुरात, ‘ॲक’ या रकान्यात ‘फेल्युअर’ म्हणून लिहिलेली असते. पुष्कळ स्क्रिप्टा फक्त २०० बघतात, पुढे यादी शोधतात, ती मिळत नाही आणि ‘हरलेले लिलाव : ०’ असं छापून मोकळ्या होतात. वापरणाऱ्याला वाटतं की ईबेनं यादी पुसली. प्रत्यक्षात सर्व्हरनं ‘तुमची ओळख पटली नाही’ असं स्वच्छ सांगितलेलं असतं, ते कुणी वाचलेलंच नसतं. ‘ॲक’ तपासून, ‘फेल्युअर’ असेल तर चूक-क्रमांक आणि त्याचा मजकूर छापून तिथंच थांबायचं, एवढी दुरुस्ती केली तरी निम्मं कोडं सुटतं.

त्यानंतर बहुतेक वेळा टोकनचं, म्हणजे पासवर्डऐवजी साधनाला दिलेल्या ओळखपत्राचं, प्रकरण बाहेर येतं. नव्या पद्धतीचं, म्हणजे ओऑथचं, प्रवेश-टोकन फक्त दोन तास चालतं. साधन बसवलं त्या संध्याकाळी सुरळीत आणि दुसऱ्या दिवशी कोरं, असं होत असेल तर दुसरीकडे बघायची गरज नाही. सोबत मिळालेलं रिफ्रेश टोकन १८ महिने टिकतं. प्रत्येक वेळी चालताना साधनानं त्याच्याकडून ताजं प्रवेश-टोकन घेतलं पाहिजे. पण खात्याचा पासवर्ड किंवा वापरकर्ता-नाव बदललं की रिफ्रेश टोकनही रद्द होतं. ‘काहीच केलं नाही तरी बंद पडलं’ म्हणणाऱ्याला पासवर्डबद्दल विचारा, बऱ्याचदा तो नुकताच बदललेला असतो. जुन्या पद्धतीच्या टोकनवर चालणाऱ्या साधनांत ९३१ हा क्रमांक दिसला तर टोकन अवैध आहे, ९३२ दिसला तर त्याची मुदत संपलेली आहे. दोन्हीवर उपाय एकच : खातेदारानं परत एकदा संमती द्यायची.

टोकनचा आणखी एक घोळ नवख्यांचा होतो. ईबे दोन प्रकारची टोकनं देतं, एक ॲप्लिकेशनच्या नावाचं आणि एक खातेदाराच्या नावाचं. हरलेले लिलाव ही तुमची खासगी माहिती आहे. ती ॲप्लिकेशनच्या टोकनवर मिळत नाही. आणि साधनात भरलेल्या एपीआयच्या किल्ल्या सँडबॉक्सच्या, म्हणजे ईबेच्या चाचणीपुरत्या नकली साइटच्या, असतील तर तिथं तुमचं खरं खातंच नसतं, मग हरलेले लिलाव कुठून येणार? पत्त्यात ‘सँडबॉक्स’ हा शब्द आहे का, ते एकदा बघून घ्या.

आता मूळ मुद्दा. ओळख पटली, उत्तर ‘सक्सेस’ आलं, तरी जुने लिलाव येत नाहीत. ते येणारच नाहीत, कारण हरलेल्यांची यादी मागताना ‘ड्युरेशन इन डेज’ या रकान्यात जास्तीत जास्त ६० देता येतात. आजपासून मागे ६० दिवस, बस. ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते आणि मागचा एक दिवस कायमचा बाहेर टाकते. तुम्ही साधन गरज पडेल तेव्हा, म्हणजे तीन-चार महिन्यांतून एकदा चालवत असाल, तर मधले कितीतरी लिलाव तुम्ही बघण्याआधीच खिडकीबाहेर गेलेले असतात. साधन परत बसवून हे बदलत नाही. टोकन बदलून नाही, संगणक बदलून नाही.

म्हणून साधनाची कामाची पद्धतच बदलायला हवी. मागितल्यावर आणून दाखवणारं साधन उपयोगाचं नाही. नेमानं आणून स्वतःच्या संगणकावर साठवणारं हवं. रोज एकदा चालवलं तर उत्तम, आठवड्यातून एकदाही पुरतं, कारण ६० दिवसांत आठ वेळा फेरी होते आणि एक-दोन चुकल्या तरी नोंद हातून जात नाही.

याच्याही पुढची एक युक्ती आहे आणि माझ्या मते सगळ्या उपायांत तीच सर्वात कामाची. हरलेल्यांची यादी येण्याची वाटच बघू नका. त्याच विनंतीत ‘बिड लिस्ट’ही मिळते, म्हणजे तुमची बोली लागलेले, अजून चालू असलेले लिलाव. ती रोज घ्या आणि आयटम नंबर, तुमची कमाल बोली, शीर्षक, संपण्याची वेळ त्याच क्षणी साठवून टाका. लिलाव संपला की त्या नंबरावर ‘गेट आयटम’ विनंती करून शेवटची किंमत आणा. ‘गेट आयटम’ संपलेल्या लिलावाची माहिती ९० दिवसांपर्यंत देते. म्हणजे आयटम नंबर हाती असेल तर ६० च्या पुढे आणखी ३० दिवसांची सवड मिळते, आणि हरलेल्यांची यादी एखाद्या वेळी अपुरी आली तरी तुमच्याकडे काय हुडकायचं याची स्वतंत्र नोंद असते. दोन याद्या ताडून बघता येतात : बोली लावली होती, जिंकलेल्यांत नाही, हरलेल्यांतही नाही, तर ती गेली कुठे? तपास तिथून सुरू होतो.

‘गेट आयटम’नं १७ क्रमांकाची चूक दिली तर ती वस्तू आता तुम्हाला बघता येत नाही, बहुतेक वेळा सूचीच काढून टाकलेली असते. अशा नोंदीवर ‘काढली’ अशी खूण करा आणि पुन्हा पुन्हा मागत बसू नका. विनंत्यांना दिवसाची मर्यादा असते. घरगुती वापरात ती सहसा गाठली जात नाही, पण तुटलेल्या नोंदींवर अखंड फेऱ्या मारणारी स्क्रिप्ट ती गाठू शकते.

यादी अपुरी येण्याचं तिसरं कारण म्हणजे पानं. एका पानावर जास्तीत जास्त २०० नोंदी मागता येतात, न सांगितल्यास त्याहून बऱ्याच कमी येतात. मिळालेल्या नोंदींची संख्या बरोब्बर २५ किंवा २०० असेल तर शंका घ्या. उत्तरातच एकूण पानांचा आकडा दिलेला असतो, तो संपेपर्यंत पुढचं पान मागत राहायचं. याचं भाऊबंद कारण : विनंतीत ‘लॉस्ट लिस्ट’ लिहिली पण तिच्या आत ‘इन्क्लूड’ला ‘ट्रू’ म्हटलं नाही, की उत्तर यशस्वी येतं आणि यादी मात्र नसते. शिवाय ईबेच्या पानावर जाऊन तुम्ही स्वतः एखादी हरलेली नोंद हटवली असेल, तर ती नेहमीच्या यादीतून जाते. हटवलेल्यांसाठी एपीआयमध्ये वेगळी यादी ठेवलेली आहे. आवराआवरीची सवय असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नेमानं चालवायचं ठरवलं की नवा आजार सुरू होतो : साधन चालतच नाही आणि कुणाला पत्ता लागत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘संगणक विजेला जोडलेला असेल तरच चालव’ ही खूण आधीपासून लावलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर असला की त्या दिवशीची फेरी चुकते. ती खूण काढा. ‘ठरलेली वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालव’ ही मात्र आवर्जून लावा. ‘स्टार्ट इन’चा रकाना कोरा ठेवलात तर विंडोज तुमची स्क्रिप्ट सिस्टम-३२ फोल्डरमध्ये उभं राहून चालवतं आणि तिला आपली साठवणीची फाइल सापडत नाही. हातानं चालवली की नीट, वेळापत्रकावर कोरी, अशी तक्रार असेल तर बहुधा हेच. तिथं स्क्रिप्टच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. लिनक्सवर क्रॉन वापरत असाल तर संगणक बंद असताना चुकलेली फेरी क्रॉन नंतर भरून काढत नाही, ॲनाक्रॉन काढतं. आणि प्रत्येक फेरीनंतर एका ओळीत तारीख, वेळ आणि किती नोंदी आल्या एवढं लिहायला लावा. दोन आठवडे ती ओळ पडली नाही हे नजरेला येणं, हाच खरा पहारा.

साठवायचं कुठे? एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. एकच फाइल, वेगळा सर्व्हर नको, पायथनसोबतच येतं. आयटम नंबर ही मुख्य किल्ली ठेवली की तीच नोंद दहा वेळा आली तरी एकदाच राहते. इथं एक बारीक गोष्ट सांभाळायची. नोंद परत आली की जुनी खोडून नवी लिहायची पद्धत ठेवली असेल, तर लिलाव चालू असताना साठवलेली कमाल बोली नंतरच्या उत्तरात नसल्यास कोऱ्यानं पुसली जाते. नव्या उत्तरात भरलेले रकाने तेवढेच बदलायचे, कोऱ्यानं भरलेलं कधीच झाकायचं नाही.

बरेच जण एक्सेललाच वही मानतात, आणि तिथंच नोंदींची वाट लागते. ईबेचा आयटम नंबर १२ आकडी असतो. एक्सेल सीएसव्ही उघडताना त्याला संख्या समजतं आणि १.२३ई+११ अशा रूपात दाखवतं. तोवर बिघडलेलं काही नसतं, पण ती फाइल तशीच सेव्ह केली की दिसतं तेच लिहिलं जातं आणि खरे आकडे जातात. पुढच्या फेरीत साधनाला जुना नंबर जुळत नाही, सगळ्या नोंदी दुबार होतात. सीएसव्ही थेट डबल-क्लिकनं उघडू नका. ‘डेटा’ मेनूतून आणा आणि तो स्तंभ ‘टेक्स्ट’ ठरवा. पौंडाच्या चिन्हाआधी विचित्र अक्षर दिसतं किंवा देवनागरीत लिहिलेल्या तुमच्या टिपांचा चुथडा होतो, तो एन्कोडिंगचा प्रश्न. पायथनमधून लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ वापरलं की एक्सेल नीट वाचतं. रक्कम आणि चलन दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, रुपयांतलं रूपांतर मूळ नोंदीत मिसळू नका.

वेळेबद्दल. एपीआय वेळा जागतिक प्रमाणवेळेत देतं, अमेरिकी साइटवर दिसते ती पॅसिफिक वेळ असते आणि आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तिकडे रविवारी संध्याकाळी ६ ला संपणारा लिलाव उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला संपतो, हिवाळ्यात साडेसातला, कारण मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. साठवताना जागतिक वेळच साठवा, भारतीय वेळ फक्त दाखवताना काढा. नाहीतर ६० दिवसांच्या काठावरच्या नोंदी एक दिवस इकडे-तिकडे होतात आणि साधन काही चुकवतंय असा भास होतो.

नोंद आली म्हणजे ती ‘हरलेली’च, असंही नाही. तुम्ही सर्वात वर होतात, पण विक्रेत्याची राखीव किंमत गाठली गेली नाही, तर वस्तू कुणालाच जात नाही. शेवटचा आकडा तिथं विक्रीची किंमत नसतो. विक्रेत्यानं लिलाव मध्येच बंद केला तरी तसंच. जिंकणाऱ्यानं पैसे भरलेच नाहीत तर चार दिवसांनंतर विक्रेता सौदा रद्द करू शकतो, आणि तेच नाणं नव्या आयटम नंबरानं परत लिलावात येतं. किंवा लिलाव संपल्यापासून ६० दिवसांच्या आत तो तुम्हाला, म्हणजे मागे राहिलेल्या बोलीदाराला, सेकंड चान्स ऑफर, म्हणजे तीच वस्तू देऊ करणारा प्रस्ताव, पाठवतो. तिलाही नवा नंबर असतो. ती एक, तीन, पाच किंवा सात दिवस उघडी राहते. साधनाला हे दोन वेगळे लिलाव वाटतात आणि एकच शिवराई दोनदा विकली गेल्याचं तुमच्या वहीत दिसतं. नंबरावरून हे जुळत नाही, म्हणून वहीत ‘आधीचा नंबर’ असा एक रकाना ठेवा आणि तो हातानं भरा. हे काम यंत्रावर सोडण्यासारखं नाही.

ते जुळवायला लागतो फोटो. ईबेवर शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे आणि परदेशी विक्रेत्याला मराठी नाण्याची ओळख असेलच असं नाही. तो ‘इंडिया कॉपर’ एवढंच लिहून मोकळा होतो. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, पण अक्षरांची वळणं, ठिपके, ओळींमधल्या रेघा यांत किती प्रकार आहेत ते गोळा करणाऱ्याला माहीत असतं. दुदांडी (ओळींमध्ये दोन रेघा असलेली) की साधी, हे शीर्षक सांगणार नाही, फोटोच सांगेल. नोंद साठवताना चित्राचा नुसता पत्ता साठवून भागत नाही. सूची गेली की तो पत्ताही आज ना उद्या निकामी होतो. चित्र उतरवून घ्या आणि फाइलला आयटम नंबराचंच नाव द्या.

साधन जुनं असेल आणि कशानंच हलत नसेल, तर ते कोणत्या दारानं आत जातं ते बघा. ईबेचे फाइंडिंग एपीआय आणि शॉपिंग एपीआय ५ फेब्रुवारी २०२५ ला बंद झाले. संपलेले लिलाव फाइंडिंगमधून शोधणारी साधनं त्या दिवसापासून कायमची थांबली, त्यांच्यावर वेळ घालवू नका. वेब पानं खरवडून माहिती काढणाऱ्या साधनांच्याही नादी लागू नका. परवानगीशिवाय तसं करणं ईबेच्या वापरकर्ता-करारात बसत नाही, आणि पानाची मांडणी जराशी बदलली की ती मोडतातच.

राहिले ते लिलाव, जे साठवणं सुरू करण्याआधीच ९० दिवसांच्या पलीकडे गेले. एपीआयमधून ते मिळणार नाहीत. पण तुमच्या ईमेलमध्ये ‘तुमच्यापेक्षा मोठी बोली आली’ आणि ‘तुम्ही जिंकला नाहीत’ अशा सूचना पडून असतील. त्यांत शीर्षक असतं, पुष्कळदा आयटम नंबरही असतो. ईमेल पुसायची सवय नसेल तर अनेक वर्षांची यादी तिथून बांधता येते. शेवटच्या किमतीसाठी विक्रेता-खातं असणाऱ्यांना ईबेचं टेरापीक हे संशोधन-साधन वापरता येतं, ते ९० दिवसांहून बरंच मागचं दाखवतं. वर्थपॉइंट ही पैसे घेऊन जुन्या विक्रीच्या नोंदी आणि चित्रं दाखवणारी सेवा आहे. ईमेलमधून निघालेल्या शीर्षकानं तिथं शोधून बघा. अशा रीतीनं मिळालेल्या नोंदीपुढे तुमची कमाल बोली आठवणीवरून भरू नका, रकाना कोरा राहू द्या. अंदाजानं भरलेला आकडा पुढच्या बोलीच्या वेळी खरा वाटायला लागतो.